अर्धा आठ

मंगळवार

सकाळी भाच्याचा फोन. म्हणाला, "आत्या, आई फक्त तुझंच ऐकेल." आमच्या घराण्यात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही, म्हणून मी खुर्चीत नीट सावरून बसले.

प्रकरण असं आहे. दादा गेल्यापासून वहिनी डोंगरातल्या तलावाकाठच्या घरात एकट्या राहतात आणि त्याची बोट घेऊन एकट्याच मासे धरायला जातात. मागच्या महिन्यात गळाची दोरी मोटरच्या पंख्यात गुंडाळली गेली. मोटर बंद पडली आणि वाऱ्याने बोट पलीकडच्या खडकांपर्यंत नेली. संध्याकाळी धक्क्यावरच्या माणसाने तिला ओढून आणलं. भाचा लिफ्ट तपासणारा इंजिनिअर आहे. त्याला पायपुसण्यातसुद्धा अपघात दिसतो. पण या वेळी त्याचं चुकत नाही. बोट विकायची, घर बंद करायचं, आईला शहरात स्वतःकडे न्यायचं, असं त्याने ठरवलं आहे. बोटीला गिऱ्हाईकही मिळालंय, ते रविवारी येणार.

"आई काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, वन्संना दोन दिवस येऊन राहू दे. त्या म्हणतील तसं करू."

वहिनींना माझ्या निर्णयाची किंमत उशिरा का होईना कळली, हे बरं झालं. मी नोकरीभर वाहन परवान्याची परीक्षक होते. कोण रस्त्यावर जायच्या लायकीचं आहे ते मला पहिल्याच वळणावर कळतं, आणि एकदा कळलं की मी घोळ घालत बसत नाही. शुक्रवारी निघते म्हणून सांगितलं. समजवायला शनिवार-रविवार पुष्कळ झाले.

नाहीतरी या आठवड्यात काही नव्हतंच. पुढच्याही नाही.

शुक्रवार

घाट चढून दुपारी पोचले. रस्ता बरा आहे, वळणांवरचे आरसे धुतलेले नाहीत.

वरची खोली माझ्यासाठी तयार करून ठेवली होती. नवी गादी, खिडकीशी टेबल, वाचायचा दिवा, आणि भिंतभर कपाट, आतून झाडूनपुसून रिकामं. दोन रात्रींना एवढं कपाट कशाला, असं मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, रिकामंच होतं." वहिनींना नियोजन कधीच जमलं नाही.

त्या दातांच्या डॉक्टर होत्या. समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं, अशा अवस्थेत चाळीस वर्षं बोलायची सवय झाल्यामुळे त्यांना उत्तराची गरज लागत नाही. दादा म्हणायचा, "आमच्या घरी मी आ करून बसतो." त्या मला 'वन्सं' म्हणतात, मी त्यांना 'वहिनी', दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. लग्न झाल्यापासून आमचं एकदाही भांडण झालेलं नाही, आणि तेवढ्या ओळखीत व्हायचं कारणही नव्हतं.

चहा झाल्यावर मी मुद्द्याला हात घातला. वय, वारा, थंड पाणी, हॉस्पिटलचं अंतर, अशी माझी तयारी होती.

"सांगा की," वहिनी म्हणाल्या. "पण बोटीत सांगा. पाण्यावर मला नीट ऐकू येतं."

त्यांनी मला तरंगतं जाकीट दिलं. नवं कोरं, आणि मला अगदी बेतलेलं. दादाचं असणार. तो सहा फूट होता, पण अशा वस्तू धुतल्या की आटतात.

धक्क्यावर बोटीत चढल्यावर वहिनी गळाच्या काठ्यांपाशी पुढे तोंड फिरवून बसल्या आणि मोटरचा दांडा मला दिला. "तुम्ही चालवा. तुमचाच धंदा." आता त्या चालवणार आणि मी बोलणार, असं मी गृहीत धरलं होतं. पण परीक्षकाने नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

या बोटीत चाक नाही. मोटरला मागे एक दांडा आहे. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे ज्याने बनवलं त्याला मी पहिल्या फेरीत नापास केलं असतं. धक्क्यापासून निघताना मी दुसऱ्या कुणाच्या तरी बोटीला हलकेच टेकले. वहिनी दुसरीकडे बघत होत्या.

मासे धरायची पद्धत अशी. बोट अगदी सावकाश चालवत राहायची. मागे दोन काठ्यांच्या दोऱ्या सोडलेल्या असतात, दोरीला शिशाचं वजन, आणि टोकाला गळ लावलेला पत्र्याचा एक चकचकीत तुकडा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मासे थंडाव्याला खोल जातात, म्हणून शिसं. तो तुकडा पाण्यात लचकत जातो आणि मोठ्या माशाला तो छोटा मासा वाटतो. त्याला म्हणतात चमचा. मी म्हटलं, "ऑफिसात चमचे पुष्कळ पाहिले, पण त्यांना दोरी बांधून पाण्यात सोडायची सोय नव्हती." वहिनी इतक्या हसल्या की बोट हलली. मी विनोद करायला बोलले नव्हते.

या सगळ्याला दादाने 'चमच्याला फिरायला नेणं' असं नाव ठेवलं होतं.

मी समोरच्या डोंगरावरचं एक पांढरं घर खुणेला धरलं आणि बोट दोरीने आखल्यासारखी सरळ नेली. पलीकडे पोचले, वळवली, तशीच सरळ परत आणली. वेग शेवटपर्यंत तोच. मासा एकही लागला नाही. मुद्दे मात्र सगळे मांडून झाले. वहिनींनी मधे एक शब्दही काढला नाही, याचं नवल वाटलं.

उतरताना म्हणाल्या, "फार सुंदर चालवता. अगदी सरळ."

सरळ चालवायला सरळ मन लागतं, हे मी त्यांना सांगितलं.

शनिवार, सकाळ

पहाटेच बाहेर पडलो. पाण्यावर वाफ होती, काठाची झाडं गुडघ्यापर्यंत दिसत नव्हती. मी पांढऱ्या घराच्या रेषेत निघाले. वहिनी त्यांच्या जुन्या रुग्णांच्या दाढांबद्दल सांगत होत्या. कुणाची अक्कलदाढ लग्नाच्या दिवशी दुखायला लागली वगैरे.

वाफेतून एकदम एक तरंगणारं लाकूड समोर आलं. मी दांडा ढकलला. अर्थात उलटा. बोट लाकडाकडेच वळली, मग मी दुसरीकडे ढकलला, मग पुन्हा सावरायला उलटा. एका उमेदवाराने माझ्यासमोर गाडी अशी चालवली होती. त्याला मी उतरवून चालत परत पाठवलं होतं. लाकूड बाजूने गेलं आणि त्याच क्षणी डावीकडची काठी वाकली. अर्धवर्तुळ झाली. काठीवरचं दोरीचं रीळ किरकिरायला लागलं.

काही अनपेक्षित घडलं की गाडी थांबवायची. हे माझ्या हाडात आहे. मी मोटर बंद केली.

"अगं बंद नको करूस," वहिनी ओरडल्या. "चालू ठेव, हळू चालू ठेव, दोरी ढिली पडतेय बघ..."

दोरी ढिली पडली. काठी सरळ झाली. पाण्यावर एक मोठा वळसा उमटला आणि मिटला.

मी माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय, त्याचं नशीब. मोठा होता हो, वन्सं. तुम्ही लावलात त्याला." म्हणजे पुन्हा अहो-जाहो. मधे त्यांनी मला 'अगं' म्हटलं, ते घाईत झालं असणार. माणूस घाईत काहीही बोलतो. मला मात्र 'अगं' म्हणणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे कान टवकारले गेले एवढंच.

शनिवार, दुपार

जेवताना मी विचारलं, की काल इतकी नेटकी बोट चालवून मासा नाही, आणि आज दारुड्यासारखी चालवली तर लगेच, हे कसं?

वहिनींनी टेबलावर दोन बोटांनी दाखवलं. बोट सरळ जाते तेव्हा चमचाही एकसुरी जातो. माशाला त्यात काही वाटत नाही. बोट वळली की आतल्या बाजूचा चमचा मंदावतो, खाली बुडतो, धडपडतो. बोट पुन्हा फिरली की एकदम उसळून पळतो. माशाला वाटतं, हा दमलेला होता आणि आता निसटतोय. तेव्हा तो झडप घालतो.

"म्हणजे नागमोडी चालवायची," मी म्हटलं. "मग हे काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मुद्दे सांगत होतात."

"आम्ही उमेदवाराला गाडीने इंग्रजी आठ काढायला लावायचो. आता मी आठ काढायचा."

"पूर्ण आठ नको हो. अर्धा काढायचा आणि उलटं फिरायचं. पूर्ण काढलात तर आपण आपल्याच दोरीवरून जाऊ."

मी घास खाली ठेवला. "मागच्या महिन्यात तेच झालं का?"

वहिनी पाणी आणायला उठल्या.

अपघाताची जागा पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. जेवण झाल्यावर त्यांना पुन्हा बोटीत नेलं आणि म्हटलं, त्या दिवशी बसला होतात तशा बसा, आणि जे केलंत ते करून दाखवा. दोऱ्या सोडायच्या नाहीत. बोट मधोमध आल्यावर मी दांडा त्यांच्याकडे दिला. त्या मागे बसल्या. "आता काठी वाकली," मी म्हटलं. त्या दांडा सोडून उठल्या आणि काठीपाशी गेल्या. दांडा सुटल्याबरोबर मोटर आपसूक एका बाजूला वळली आणि बोट स्वतःभोवती फिरायला लागली. दोऱ्या पाण्यात असत्या तर बोट सरळ त्यांच्यावर गेली असती. काठी धरावी तर दांडा सुटतो, दांडा धरावा तर मासा सुटतो. तिसरा हात नाही.

मी डोक्यात निकाल नोंदवला. चालक लायक. दोष एवढाच की दोन माणसांचं काम एकटीने केलं.

"हे माहीत असून एकट्या का गेलात?"

"दुसरं कोण होतं?" त्या म्हणाल्या. मग लगेच हसल्या. "शहरात मी काय करणार, वन्सं? मुलगा सकाळी लिफ्टकडे, सून तिच्या कामाला. मी बाल्कनीत बसून कोण वर गेलं आणि कोण खाली आलं ते बघू? इथे निदान मी उठते कशासाठी, ते मला माहीत असतं."

यावरचा मुद्दा रात्री शोधीन म्हटलं.

दोऱ्या सोडल्या. मी अर्धे आठ काढले. पहिले दोन फार वेडेवाकडे झाले, तिसरा जमला. एका बाजूला झुकायचं, थांबायचं, मग दांडा अंगाशी ओढायचा. पाण्यात मागे उमटलेली आपली वाट बघताना हाताला एक लय येते. मासा लागला तेव्हा मी मोटर बंद केली नाही. वेग फक्त थोडा उतरवला आणि बोटीचं तोंड दोरीपासून दूर ठेवलं. वहिनींनी रीळ गुंडाळलं. ट्राउट होता, वीतभर. वहिनींनी दात काढायचा जुना चिमटा बाहेर काढला, माशाला "आ करा" म्हणाल्या, गळ सोडवला आणि त्याला परत पाण्यात सोडलं. "लहान आहे, सहा महिन्यांनी दाखवायला या."

मी हसले. वाफ नव्हती, वारा नव्हता, ऊन पाण्यावर पडलं होतं. एरवी अशा वेळी मी पेपर वाचते.

रात्री मुद्दा शोधला नाही. झोप फार लवकर आली.

रविवार

भाचा सकाळी आला तो गाडीभर रिकामी खोकी घेऊन. दारातच मला बाजूला घेतलं.

"बोललीस?"

"बोलले."

"मग?"

"बोटीत सांगते."

"आत्या, मी बोटीत बसणार नाही. गिऱ्हाईक अकराला येतंय."

"मग अकराच्या आत येऊ. जाकीट घाल."

माझ्या आवाजात अजून काहीतरी असावं, त्याने घातलं. सगळे पट्टे आवळले, मग पुन्हा एकदा आवळले. वहिनींनी त्याच्या हातात काठी दिली आणि स्वतः जाळी घेऊन मधे बसल्या. मी दांड्यावर.

भाचा पहिला अर्धा तास फक्त विचारत होता. अग्निशामक कुठे आहे, शिट्टी कुठे आहे, बोटीवर भार किती चालतो. सगळ्याची उत्तरं वहिनींकडे होती आणि सगळ्या वस्तू जागेवर होत्या. मग म्हणाला, "आत्या, तू सरळ का नाही चालवत?"

"तुझ्या फूटपट्टीसारख्या सरळ डोक्याला ते कळायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

ओढा तलावाला मिळतो तिथे पाण्याचा रंग बदलतो. तिथे मी अर्धा आठ काढला आणि उलटी फिरले. काठी वाकली. शनिवारी सकाळी वाकली होती तशी, कदाचित जास्तच.

भाचा ताडकन उभा राहिला. "खाली बस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तो बसला. मी वेग उतरवला, पण बंद केला नाही. मासा उजवीकडे धावला, मी बोट त्याच्याबरोबर अलगद फिरवली. तो खाली गेला, आम्ही थांबल्यासारखे सरकत राहिलो. "गुंडाळू नकोस, जाऊ दे त्याला," वहिनी सांगत होत्या, "आता घे. आता सोड. अरे, दाढ नाहीये ती, खेचतोस काय?" भाचा हसत होता. लहानपणी याला सायकल शिकवली तेव्हा तो असा हसला होता. त्यानंतर मी पाहिलं नाही; मोठी माणसं माझ्यासमोर फारशी हसत नाहीत.

वहिनींनी जाळी खाली घातली आणि मासा वर आला. पोटाला सोनेरी, पाठीवर ठिपके, जाळीतून शेपटी बाहेर.

"बाबांनी एवढा कधी धरला होता?" भाच्याने विचारलं.

"सांगायचा धरला म्हणून," वहिनी म्हणाल्या.

बोट काठाकडे निघाली. भाचा बराच वेळ माशाकडे बघत होता. मग त्याला गिऱ्हाईक आठवलं.

"हे सगळं ठीक आहे, आई. पण तू एकटी जायचं नाहीस, यावर मी ठाम आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मी तपासणी केली. हे काम एकट्याचं नाही. दांड्यावर एक आणि काठीवर एक लागतंच. त्यामुळे ती एकटी जाणार नाही."

"म्हणजे कोणाबरोबर जाणार? तू तर आजच्यापुरती आहेस."

"असं कोण म्हणालं?"

हे वाक्य तोंडातून कसं गेलं ते मला माहीत नाही. ठरवून बोललेलं नव्हतं. पण गेलं ते मागे घेण्यासारखं वाटलं नाही. मी पुढे सांगितलं, की मला अजून उजवीकडची वळणं नीट जमत नाहीत, आणि अर्धवट शिकलेल्या माणसाने मधेच सोडून जाणं बेजबाबदारपणाचं आहे. वारा असेल तेव्हा बोट बाहेर काढणार नाही. थंडीत तर प्रश्नच नाही. थंडीत काय करायचं ते थंडीत बघू.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. "आत्या, तू इथे राहणार?"

"सोय चांगली आहे. कपाट मोठं आहे."

 वहिनी माशावर वाकून गळ काढत होत्या. ज्या बाईने हजारो दात काढले तिला आज एक गळ काढायला इतका वेळ का लागावा, कळत नाही. चिमटा दोनदा घसरला. मान खालीच. डोळे तपासून घ्यायला हवेत, या वयात दुर्लक्ष बरं नाही. उद्या विषय काढते.

धक्क्यावर गिऱ्हाईक उभं होतं, नवी टोपी घालून. भाचा खाली उतरला आणि त्याच्याशी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्या गृहस्थाने बोट एकदा हात लावून पाहिली आणि मला विचारलं, "मॅडम, चालते कशी?"

"वेडीवाकडी," मी म्हटलं.

तो गेला.

मासा तव्यावर भाजला, मीठ आणि लिंबू. तिघांना पुरून उरला. जाताना भाच्याने खोकी गाडीतून काढून ओसरीवर रचली. "ठेव," म्हणाला. "तुझं सामान आणायला लागतील."

गुरुवार

फ्लॅटवर येऊन दोन दिवसांत सगळं बांधलं. बिल्डिंगचा पहारेकरी स्वतःहून वर आला आणि खोकी उतरवायला मदत केली. शेजारचे दोघेही आले. ज्यांना मी गाड्या नीट लावण्यावरून वर्षानुवर्षं सांगत आले तीच ही माणसं. एवढ्या उत्साहाने खोकी उचलताना बघून मन भरून आलं. आपल्याला वाटतं कुणाला आपली किंमत नाही, पण असते.

संध्याकाळी वहिनीचा फोन. ओढ्याच्या तोंडाशी मासे उड्या मारतायत म्हणाली. "निघ की उद्या सकाळीच. परवाचं कशाला?"

उद्या सकाळीच निघते.

रविवार

सकाळपासून सोसाट्याचा वारा. तलाव नुसता पांढरा झाला होता. नियम म्हणजे नियम, बोट काढली नाही.

कपाट लावलं. पुस्तकं खिडकीत. वहिनी दारात उभी राहून बोलत होती. तिच्या शेजारणीच्या कवळीची गोष्ट, दादा पहिल्यांदा बोटीतून पाण्यात पडला ती गोष्ट. ती मला आधी ठाऊक नव्हती. मी मधे दोनदा "मग?" विचारलं, तेव्हा ती चपापली. बोलताना कुणी मधे काही विचारेल अशी तिला सवय नाही.

"तू ऐकतेस होय," म्हणाली.

"मग काय, माझ्या तोंडात कापूस आहे?"

दुपारी ती डुलकी काढायला गेली. मी ओसरीत बसले. खिडक्या खडखडत होत्या, दोर धक्क्याला आपटत होते. मग बराच वेळ कसलातरी बदल झाल्यासारखं वाटलं आणि लक्षात आलं, आवाज थांबला आहे. झाडं स्थिर होती. मी जाकीट घ्यायला आत वळले तर वहिनी समोरून येत होती. काठ्या तिच्या हातात होत्या.